खांद्यावरचा दगड

दामा फाटकाशी आला तेव्हा त्याच्यामागे टांगा नव्हता.

असेलेफेचनं पहाटेपासून भाजलेल्या इंजेराच्या, आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ पोळ्यांच्या, टोपल्या ओट्यावर रचून ठेवल्या होत्या. बाहेर खूर वाजले, थांबले आणि रोजच्यासारखी एक फुरफुर ऐकू आली. तिनं एक टोपली कमरेवर घेतली, पायानं फाटक ढकललं आणि पाहिलं तर नुसता घोडा. साज नाही, लगाम नाही, चाबूक बगलेत धरून जांभया देणारा देगेफू नाही. पाठीवर, जिथं टांग्याचा पट्टा घासायचा तिथं, तळहाताएवढी जखम उघडी पडली होती. एरवी ती पोत्याच्या तुकड्याखाली झाकलेली असायची. आता तिच्यावर माशा बसल्या होत्या आणि घोड्याची कातडी सारखी थरथरत होती.

या फाटकाशी थांबायचं, टोपल्या चढेपर्यंत हलायचं नाही आणि मग बसस्थानकाजवळच्या खानावळींकडं चालू लागायचं, हे दामाला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो ते करत आला होता, म्हणून आजही आला होता. टोपल्या का चढत नाहीत एवढंच त्याला समजत नव्हतं.

थोड्या वेळानं देगेफू आला तो निळ्या, कोऱ्या बजाजमधून. तीन चाकांची ती गाडी त्यानं फाटकाशी अशी आणून उभी केली की दामाला दोन पावलं मागं सरावं लागलं.

"बसा एतिये," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "आजपासून हीच. धक्के नाहीत, शेपटीचे फटकारे नाहीत. मालकांनी, गाशेंनी घेतली."

"याचा साज कुठं आहे?"

"सोडला ना त्याला. काल संध्याकाळी. गाशे वोंदाफ्राश स्वतः आले होते. कपाळाला हात लावला, देवाचं नाव घेतलं, मोठ्या रस्त्यापलीकडं नेऊन दोर काढला. सगळं रीतीनं झालं."

"रीतीनं झालं असतं तर हा इथं कशाला आला असता?"

"त्याला काय कळतंय? सवय आहे. दोन दिवसांत विसरेल."

"दोन दिवस टिकेल का तो?"

देगेफूनं टोपल्या आत रचल्या, दामाच्या मानेवर थाप मारावी म्हणून हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला. बजाज निघाली. असेलेफेचनं मागं वळून पाहिलं. घोडा त्यांच्या मागून चालत होता, नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या वेगानं. टांग्यांच्या अड्ड्यावर पोचल्यावर तो रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पुढं एक टांगा, मागं एक टांगा, मध्ये मोकळा घोडा. टांगेवाले आधी हसले, मग ओशाळले, मग एकानं दगड मारला.

त्या गावात घोडा कुणी मारत नाही. त्याचं मांस कुणी खात नाही, म्हणून खाटकाकडं जायची वाट नाही. आपल्यासाठी राबलेल्या जनावराचा जीव घेणं पाप, म्हणून पशुदवाखान्यातल्या सुईचीही वाट नाही. घोडा थकला की त्याला सोडतात. पुढचं देव आणि तरसं बघून घेतात, आणि त्यांतल्या तरसांचं नाव कुणी काढत नाही. पूर्वी असा घोडा वर्षाकाठी एखादा दिसायचा. बजाज आल्या, टांग्यांना डांबरी रस्त्यावर बंदी झाली आणि सोडलेले घोडे वाढले. ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे राहत, कारण ट्रकच्या वाऱ्यानं तिथं माशा टिकत नाहीत. ट्रकवाले भोंगे वाजवत. कधी वाजवायचे राहून जात.

असेलेफेच हे सगळं लहानपणापासून पाहत आली होती. पण आतापर्यंत तिच्या फाटकाशी येऊन कुणी उभं राहिलं नव्हतं.

दुपारी ती वोंदाफ्राशच्या घरी गेली. पाच टांग्यांचा तो मालक, आता दोन बजाजचाही, आणि वस्तीच्या इद्दिर या मयत-मंडळाचा प्रमुख. वस्तीत कुणी गेलं की तंबू त्याच्या शब्दावर उभा राहायचा, कढया त्याच्या शब्दावर निघायच्या, खांदेकरी त्याच्या शब्दावर ठरायचे. असेलेफेचचा नवरा गेला तेव्हा तिरडीचा पुढचा दांडा वोंदाफ्राशनं स्वतः धरला होता आणि दफनभूमीपर्यंत कुणाला दिला नव्हता. ती हे विसरली नव्हती. तोही विसरला नव्हता.

त्यानं तिला बसवलं, कॉफी ठेवायला सांगितली, भाजलेल्या जवाची वाटी पुढं केली.

"आईची तब्येत कशी आहे?"

"पडून आहे. बोलते मात्र भरपूर."

"बोलते आहे तोवर चांगलं. तिची काळजी करू नकोस. आम्ही आहोत."

"गाशे, मी दामाचं बोलायला आले."

"त्याला सोडला."

"सोडलात कुठं? माझ्या फाटकाशी उभा आहे."

वोंदाफ्राश हसला. त्या हसण्यात अभिमान होता. "प्रामाणिक जनावर. म्हणून तर माझ्या हातानं सोडला. नोकराला पाठवला नाही."

"त्याच्या पाठीला जखम आहे. तरसं त्याला उभ्या उभ्या खातील. पशुदवाखान्यातल्या मेलाकूला मी विचारलं. तो सुई देईल, घोडा झोपल्यासारखा जाईल. नाहीतर तुमच्याच आवारात झाडाखाली बांधा. गवत मी आणते."

"बांधला तर रोज त्याच्या डोळ्यात बघायचं. आणि सुई? अगं, ज्यानं मला पाच टांगे मिळवून दिले त्याला मारू?" त्याचा आवाज खरोखर दुखावला होता. "माझ्या बापानं मारला नाही, मी मारणार नाही. तो मोकळा आहे. त्याचं काय व्हायचं ते देवाच्या हातात."

"मेलाकू म्हणतो, मालकाच्या शब्दाशिवाय त्याला हात लावता येत नाही."

"मी आता त्याचा मालक नाही. सोडला म्हणजे सोडला."

"मग शब्द कुणाचा आणू?"

"कॉफी घे," वोंदाफ्राश म्हणाला. "निवतेय."

पुढचे दिवस दामा रोज येत राहिला. असेलेफेच त्याला पाणी ठेवायची, कोंडा द्यायची, जखमेवर मिठाचं पाणी ओतायची. ओढून आत घ्यावा तर अंगणात चूल, सरपण आणि पिठाचे रांजण सोडून पाऊल ठेवायला जागा नव्हती. शिवाय दुसऱ्यानं सोडलेला घोडा घरात घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला नालायक ठरवणं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी तो आपल्या पायानं मोठ्या रस्त्याकडं निघून जायचा. शेजारच्या बायका कुंपणावरून चौकशी करायच्या.

"काय एतिये, पुन्हा लग्न ठरलं म्हणे? नवरदेव रोज दारात."

"दिसायला बरा आहे गं. पाठ तेवढी सोलली आहे."

असेलेफेच हसायची नाही. त्यामुळं त्या अधिकच हसायच्या.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी दामा आला तो मागचा पाय ओढत. मांडीचा लचका तुटला होता आणि शेपटी अर्धीच उरली होती. एवढं होऊनही तो फाटकाशी थांबला, एकदा फुरफुरला आणि टोपल्या चढायची वाट बघत राहिला.

देगेफू बजाजमधून उतरला, त्यानं ते पाहिलं आणि कुंपणाकडं तोंड करून उभा राहिला.

"कालच कशी नाही मेली ही बला," तो म्हणाला. मग म्हणाला, "एतिये, गाशेंना सांगा ना काहीतरी. तुमचं ऐकतील."

"तू का नाही सांगत? तू त्याच्यामागं बसलास इतकी वर्षं."

"मी नोकर माणूस. बजाज काढून घेतली तर?"

"आणि मला काय काढून घेणार ते?"

देगेफूनं घराच्या दाराकडं नुसती मान हलवली. आत असेलेफेचची आई खोकत होती.

इद्दिरची बैठक रविवारी प्रार्थनेनंतर पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. पुरुष एका बाजूला, पांढऱ्या शाली पांघरलेल्या बायका दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी तंबूचं फाटलेलं कापड आणि गळणारी मोठी कढई यांवरच बोलणं लांबलं. मयताच्या घरचा सगळा इंजेरा असेलेफेचकडं असे, त्यामुळं कढईवर तिचं मत विचारलं गेलं. ते तिनं दिलं आणि बसली नाही.

"आणखी काही?" वोंदाफ्राशनं विचारलं.

"सोडलेल्या घोड्यांबद्दल बोलायचंय."

"घोड्यांबद्दल?" मागून कुणीतरी म्हणालं. "सभासद करून घ्यायचेत का?"

"मग खांदेकरी दुप्पट लागतील!"

"आणि रडायला गाढवं बोलवा!"

शेड हसण्यानं भरून गेली. असेलेफेच हसणं थांबायची वाट पाहत उभी राहिली. येशिमेबेत, बायकांची पुढारीण, तिची शाल ओढत होती. "बस गं. जेवणाची वेळ झाली. कशाला फाटे फोडतेस?"

"मोठ्या रस्त्यावर जे उभे आहेत ते कुणाचे आहेत हे इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे," असेलेफेच म्हणाली. "राबतं तोवर जनावर आपलं आणि थकलं की देवाचं. मी एवढंच मागते की ज्याचा घोडा त्यानं तो मरेपर्यंत दारात ठेवावा, नाहीतर मेलाकूला बोलवावं. इद्दिरनं तसं ठरवावं."

"बाई, इथं मयताचं बोलतात," बाल्चा नावाचा एक म्हातारा सौम्यपणे म्हणाला.

"मयताचंच बोलतेय, गाशे बाल्चा. जरा आधी बोलतेय, एवढंच."

पुन्हा कुणीतरी हसलं. वोंदाफ्राशनं हात वर केला. "असेलेफेच, तुझं मन मऊ आहे. चांगलं आहे. पण आपल्यापैकी कुणी घोडा मारलेला नाही. हात स्वच्छ आहेत सगळ्यांचे."

तिनं घरून ठरवून आणलेलं बोलणं तिथंच संपलं. पुढचं ठरवलेलं नव्हतं.

"गाशे वोंदाफ्राश," ती म्हणाली, "बुधवार-शुक्रवार उपासाला तुम्ही दुधाला शिवत नाही. आणि मधल्या गुरुवारी दामाला तरसांपुढं वाढून आलात. त्याची मांडी बघून या माझ्या दारात. मग हात बघा."

कुणी हसलं नाही. प्रमुखाचं नाव घेऊन, भर बैठकीत, एका बाईनं, आणि तेही ज्यानं तिच्या नवऱ्याला खांदा दिला त्याला. वोंदाफ्राशचा चेहरा पडला. रागापेक्षा त्यात धक्का अधिक होता.

"शब्द परत घे," बाल्चा म्हणाला.

"घोडा परत घ्या, मी शब्द परत घेते."

मग मात्र सगळे एकदम बोलू लागले. तिचं नाव इद्दिरमधून काढा म्हणणारे निघाले, आणि काढलं तर इंजेरा कोण भाजणार म्हणणारेही निघाले. शेवटी वोंदाफ्राश उठून उभा राहिला. तो हळू बोलला. "मला तिचं नाव काढायचं नाही. पुढच्या रविवारी तिनं दगड घेऊन यावं. जुन्या रीतीनं, सगळी रीत पाळून. मी क्षमा करीन. आली नाही तर इद्दिर तिचं नाही आणि ती इद्दिरची नाही."

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. आई उशीला टेकून बसली होती. उठून बसायला तिला एरवी आधार लागायचा.

"तंबू गेला ना माझा?"

"एमाये, ऐक तरी."

"काय ऐकू? या वस्तीत अशी एक मयत नाही जिथं मी रडले नाही. ज्या मेल्याशी जन्मभर बोलले नाही त्याच्यासाठीसुद्धा छाती पिटली. आता माझी पाळी आली तर लेक घोड्यासाठी भांडून बसली. मला काय, चटईत गुंडाळून नेशील? तू पुढं आणि मागं तो घोडा?"

"त्याला तरसांनी फाडलंय गं."

"आणि मला गांडुळं खाणार आहेत! तंबू असला तरी खाणार, नसला तरी खाणार. पण तंबू असला तर माणसं येतात." म्हातारी दमली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दगड मागितला? खरंच?"

"जुन्या रीतीनं, म्हणाले."

"जुनी रीत त्या वोंदाफ्राशला काय माहीत? तेव्हा तो रांगत होता." म्हातारीच्या डोळ्यांत किंचित चमक आली. बैठकांच्या, भांडणांच्या, सोयरिकींच्या रीती हा तिचा प्रांत होता. "दगड खांद्यावर घेऊन वाकून उभं राहायचं. क्षमा कर म्हणायचं. मग ज्याचा अपराध झाला त्यानं विचारायचं, मनात आणखी काही राहिलंय का. काही नाही म्हटलं की तो म्हणतो, ठेव. मग ठेवायचा."

"आणि राहिलंय म्हटलं तर?"

"तर ते मिटवल्याशिवाय त्याला ठेव म्हणता येत नाही. दगडाखालच्या माणसाला तसंच सोडून उठला तर अपराध त्याच्याकडं जातो." ती थांबली. लेकीकडं पाहिलं. "असेलेफेच, तसं काही करायचं नाही. मला तंबू पाहिजे."

"हो, एमाये."

"शपथ घे."

असेलेफेच पाणी आणायला उठली.

दगड तिनं चुलीमागचाच घेतला, ज्यावर ती लाकडं फोडायची. रविवारी शेडमध्ये एवढी गर्दी कधी झाली नव्हती. कित्येकांनी दगडाची रीत नुसती ऐकली होती. दामा आठवडाभर तिच्या फाटकाबाहेर सुबाभळीच्या आडोशाला पडून होता. तिथून हलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. संध्याकाळी ती फाटकाशी निखाऱ्यांची पाटी ठेवायची, म्हणून तरसं लांब राहिली होती. मेलाकू रोज येऊन पाहून जायचा आणि रोज तेच म्हणायचा, मालकाचा शब्द.

ती वाकून वोंदाफ्राशपुढं उभी राहिली. मानेला दगडाची धार टोचत होती.

"भर बैठकीत तुमचं नाव घेतलं. माझी चूक झाली. देवासाठी मला क्षमा करा."

बायकांतून समाधानाचा सुस्कारा आला. वोंदाफ्राशनं मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते. तो मुळात वाईट माणूस नव्हता, आणि हेच तिला गेले कित्येक दिवस छळत होतं. वाईट माणसाशी भांडण सोपं असतं.

"मनात आणखी काही राहिलंय का?" त्यानं विचारलं.

"राहिलंय."

त्यानं ठेव म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"काय राहिलंय?"

"दामा राहिलाय."

"ते झालं की आता. ठेव, ठेव तो दगड."

"कसा ठेवू, गाशे? मनातलं राहिलंय."

"हा कसला हट्ट?" कुणीतरी ओरडलं. "क्षमा मागायला आलीस की भांडायला?"

"क्षमा मागितली. ती खरी आहे. हेही खरं आहे." तिनं दगड खांद्यावर सावरला. "त्याला सुई द्यायला हो म्हणा, नाहीतर घरी न्या. दोन्हींतलं काहीही म्हणा."

वोंदाफ्राश बाल्चाकडं वळला. म्हाताऱ्यानं खांदे उडवले. "जुनी रीत तूच मागितलीस. सगळी, म्हणालास. आता उठून गेलास तर दगड तुझ्याकडं येतो."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेत दोघं-तिघं पैज लावल्यासारखे तिच्या हातांकडं पाहत होते. येशिमेबेत पुटपुटली, "अगं, ठेव. मोडेल मान." असेलेफेचला घाम डोळ्यांत गेल्यानं समोरचं नीट दिसत नव्हतं. तिला दिसत होते ते वोंदाफ्राशचे चांगले, पुसलेले बूट. ते पुढं सरकले, मागं गेले, थांबले.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो. दामा मी असेलेफेचला दिला. आता तो तिचा. जगव, मार, गळ्यात बांध. पाप असेल तर तुझं, पुण्य असेल तर तेही तुझं. झालं?"

"आणि बाकीचे घोडे?"

"बाकीचे माझे नाहीत. दगड तू माझ्यासाठी आणलास ना? माझ्यापुरतं मिटलं. ठेव."

एखादं दार तोंडावर अलगद, आवाज न करता लावून घ्यावं तसं ते बोलणं होतं. भांडायचं म्हटलं तरी हातांत बळ उरलं नव्हतं. तिनं दगड ठेवला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, वोंदाफ्राशनं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि सगळे छान झालं म्हणत जेवायला गेले. दगड घरी न्यायला तिच्याबरोबर कुणीच आलं नाही. तिनं तो पाटीत घालून एकटीनंच नेला.

दुपारी मेलाकू आला. दामाला फार वेळ लागला नाही. देगेफूनं दोन ओळखीच्या माणसांना आणून कुंपणापलीकडं खड्डा खणला. कुणाला सांगू नका, एवढंच तो दोनदा म्हणाला.

"माझं काय ठरलं?" आईनं आतून विचारलं.

"तंबू आहे, एमाये."

"मग रडतेस कशाला?"

त्या आठवड्यात चर्चच्या पायरीवर बायका तिच्यासाठी जागा करून देऊ लागल्या, जरा जास्तच जागा. एका लहान मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, घोडेमारी बाई हीच का. आईनं तिला गप्प केलं, पण नाही असं म्हटलं नाही.

आणि मग एका सकाळी असेलेफेचनं टोपली कमरेवर घेऊन फाटक ढकललं तर ते पुरतं उघडेना. बाहेरून जड लागत होतं. ती कुंपणावरून वाकली. दोन घोडे. एक पांढरट, एका डोळ्यानं आंधळा. दुसरा काळा, पुढचे गुडघे सुजलेले. त्यांना कुणी सोडलं नव्हतं. फाटकाच्या खांबाला आखूड दोरानं, नीट दोन गाठी मारून बांधलं होतं.

येशिमेबेत शेजारीच आपल्या कुंपणाशी दात घासत उभी होती.

"कुणी बांधले?" असेलेफेचनं विचारलं.

"मी काय पहारा देते का?"

"तू पहाटेच उठतेस."

"अगं, तूच म्हणालीस ना, सोडू नका म्हणून? नाही सोडले. लोकांनी ऐकलं तुझं." येशिमेबेतनं चूळ भरली. "बघ, आता रस्त्यावर एक तरी घोडा आहे का? गाव कसं स्वच्छ झालं."

मेलाकू आला, त्यानं दोघांना तपासलं, काळ्या घोड्याचे गुडघे दाबून पाहिले आणि पिशवी उघडलीच नाही.

"मालक कोण, एतिये?"

"माझ्या फाटकाला बांधलेत."

"म्हणजे तुमचे?"

"नाही!"

"मग कुणाचे?"

"अरे, मला काय माहीत!"

"मग मला हात लावता येत नाही," मेलाकू म्हणाला. तो शरमला होता, पण म्हणाला. "उद्या कुणी येऊन माझा घोडा मारला म्हणालं तर? मालकाला शोधा. एका शब्दाचं तर काम आहे."

एका शब्दाचं. असेलेफेच फाटकाशी उभी राहिली. काळा घोडा तिची शाल हुंगत होता. देगेफूची बजाज आली, उभी राहिली. त्यानं घोड्यांकडं पाहिलं आणि लगेच नजर टोपल्यांवर नेली. ती नजर तिनं पकडली.

"तुला माहीत आहे कुणाचे ते."

"एतिये, खानावळवाले थांबलेत."

"नाव सांग."

"मी नोकर माणूस," देगेफू म्हणाला.

तिनं टोपल्या त्याच्या गाडीत चढवल्या, एकेक करून, आणि स्वतः बसली नाही. आत जाऊन चुलीमागचा दगड उचलला. तो पूर्वीपेक्षा जड लागला. खांदा अजून दुखत होता.

"पुन्हा दगड?" आईनं अंथरुणातून विचारलं. "आता कुणाची क्षमा मागायची आहे?"

"माहीत नाही, एमाये. तेच विचारायला चाललेय."

"आणि माझा तंबू?"

असेलेफेच दारात थांबली. "परत येते," एवढंच ती म्हणाली.

फाटकाच्या गाठी सोडायला वेळ लागला. गाठी मारणाऱ्यानं मन लावून मारल्या होत्या. दोर सुटताच दोन्ही घोडे तिच्यामागं चालू लागले. त्यांनाही वाट पाठ होती. कोपऱ्यावर दुकानाच्या फळ्या काढणाऱ्या माणसानं तिला पाहिलं आणि फळी हातात धरून तसाच राहिला.

अड्ड्यावर टांगे रांगेत लागले होते. वोंदाफ्राश त्याच्या नव्या बजाजशेजारी उभा होता, आणखी चार-पाच मालक कॉफीच्या टपरीशी. तिला येताना पाहून बोलणं थांबलं.

"आज रविवार नाही, असेलेफेच," वोंदाफ्राश म्हणाला.

"माहीत आहे, गाशे. हा तुमच्यासाठी नाही."

तिनं रांगेत जाऊन दामाची जागा धरली. पुढं एक टांगा, मागं एक टांगा. आंधळा घोडा तिच्या एका बाजूला, काळा दुसऱ्या बाजूला. ती दगडाखाली वाकली.

"ज्याचे हे घोडे आहेत," ती म्हणाली, "त्याचा मी काहीतरी अपराध केला असणार. नाहीतर त्यानं हे माझ्या दारात बांधले नसते. त्यानं पुढं यावं. मी क्षमा मागते. मग त्यानं मला विचारावं, मनात काय राहिलंय."

टपरीवर कुणीतरी कप खाली ठेवला. एका मालकानं घड्याळात पाहिलं. दुसरा बजाजचं चाक बघायला वाकला, जसं काही त्यात आत्ताच काहीतरी बिघडलं होतं. वोंदाफ्राश आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत होता आणि ज्याच्याकडं तो पाही तो मान फिरवत होता.

ऊन चढू लागलं. माशा घोड्यांवरून उठून तिच्या मानेवर बसल्या, आणि हाकलायला तिचा हात मोकळा नव्हता. ठेव म्हणायला कुणीच पुढं येत नव्हतं.